आधी खोली, मग माइक

घरी आवाज रेकॉर्ड करायचा म्हणून महागडा कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक) घ्यायची घाई करू नकोस. उघड्या भिंतींचा घुमारा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी तो इमानेइतबारे पकडतो. आधी खोलीत टाळी वाजव. मागे 'टण्ण' रेंगाळलं तर खोली तयार नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेव, तुझ्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांग. पाठीमागची सगळ्यात महत्त्वाची, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. अंड्यांचे ट्रे नकोत; बाहेरचा आवाज अडत नाही, धूळ तेवढी साठते.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेव. अगदी समोर असला तर प, फ, भ म्हणताना सुटलेली हवा थेट आदळून 'भप्प' होतं, आणि ते नंतर नीट निघत नाही. मध्ये पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी) हवाच. कंडेन्सर असेल तर इंटरफेसवरचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवरचं) माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दाब. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) लावताना संहितेतलं सगळ्यात जोरकस वाक्य खऱ्या आवेशात वाच. पुटपुटून लावलेला गेन हमखास फसतो. तेव्हा आवाजाची पातळी दाखवणारा मीटर जास्तीत जास्त उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान पोचावा. शून्याला टेकला की आवाज फाटलाच.

पंखा, एसी बंद करून दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड कर. ती मीटरवर उणे ६० डेसिबलच्या खाली हवी. एकसुरी गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. नॉइज रिडक्शनचा (सॉफ्टवेअरने खरखर पुसण्याचा) मारा केलास तर 'स' आणि 'श' पाण्याखालून आल्यासारखे वाटतात. मूळ फाइल वेव्हमध्येच (आवाज न दाबता साठवणाऱ्या WAV प्रकारात) ठेव, सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ कुणी मागितली तरच दे.