कुजक्या लाकडावरचे बारीक भुंगेरे

प्रश्न: आंबोलीहून ऑर्किड लावायला कुजकं लाकूड आणलं, त्यावर खसखशीएवढे काळे भुंगेरे पळतायत. फर्निचरला लागतील का हो?

उत्तर: नाही लागणार, टेन्शन घेऊ नका. वर्णनावरून टिलिडी कुळातले वाटतायत, हे लाकूड खातच नाहीत, ओल्या पाचोळ्यात नि कुजक्या सालीखाली बुरशी खाऊन जगतात, सुक्या सागवानात उपाशी मरतील बिचारे. फर्निचर पोखरून पिठासारखा भुसा पाडतो तो भुंगेरा वेगळा. तुमचे हे टिलिडी भिंगाखाली बघा, उलगडलेला पंख म्हणजे बारीक दांडी नि कडेला केसांची झालर, अगदी पिसासारखा, आणि तरी उडतात! याच कुळातला कोलंबियातला एक तर फक्त ०.३२५ मिमी भरला, २०१५ साली मोजलाय. बाकी जंगलातलं लाकूड उचलून आणायचं नसतं हं, नर्सरीत नारळाच्या सोडणाचे तुकडे मिळतात की.