मैदान आणि सभा एकाच पानावर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा आराखडा वाचला. कॉलेजचे खेळ हे एक प्रकरण आणि स्वातंत्र्याची चळवळ हे दुसरं, अशी विभागणी तू केली आहेस. आधी ती मोड. खेळणारी मुलं, टाळ्या वाजवणारी मुलं आणि सभेला जाणारी मुलं अशा तीन जाती त्या काळी वेगळ्या नव्हत्या.

मुंबईचे क्रिकेटचे चौरंगी सामनेच घे. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन असे चार संघ. १९३७ पासून 'इतर' आले आणि सामने पंचरंगी झाले. १९३० ते १९३३ या वर्षांत सविनय कायदेभंगामुळे ते भरलेच नाहीत. म्हणजे राजकारण मैदानाच्या कुंपणाबाहेर ताटकळत कधीच उभं नव्हतं. पुढे डिसेंबर १९४० मध्ये हिंदू संघ चालवणाऱ्या हिंदू जिमखान्याची मंडळी या सामन्यांबद्दल विचारायला वर्ध्याला गांधीजींना भेटली, तेव्हा ते जे बोलले ते तुझ्या लेखासाठी सोन्याचं आहे: कॉलेजांचे किंवा संस्थांचे आपापसांतले सामने मी समजू शकतो, पण धर्मावर बेतलेले संघ कशासाठी, हे मला कधी कळलंच नाही, असा त्यांचा सूर होता. कॉलेजचा संघ म्हणजे धर्माच्या संघाला पर्याय, ही कल्पना तिथे उघड मांडलेली दिसते. तुझ्या कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकात या वादाचे पडसाद आहेत का, ते शोध. संपादकीयात नसतील, तर वादविवाद मंडळाच्या अहवालात बघ. विद्यार्थी खरं बोलायचे ते तिथे.

'सुवर्णकाळ' हा शब्द मात्र खोड. पुण्याच्या क्लबात गोऱ्यांना नेटमध्ये गोलंदाजी करत तयार झालेले, अस्पृश्य मानलेल्या जातीतले पाळवणकर बाळू हिंदू संघाचे हुकमी गोलंदाज झाले. मैदानावर त्यांचा चेंडू चालायचा, पण चहा वेगळ्या भांड्यात, तोही बाहेर. कर्णधारपद त्यांना मिळालंच नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आलं, तेही बऱ्याच वादानंतर. आणि १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. हा माणूस तू 'खेळ' प्रकरणात घालणार की 'चळवळ' प्रकरणात, सांग बघू.

प्रा. दि. ब. देवधरांवर तू अर्धं पान दिलं आहेस. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, हे वाचून कोण हरखणार नाही? पण दोन ओळी पुरेत. ती जागा खाशाबा जाधवांना दे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा मल्ल १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला, १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन परतला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, बाकीची वर्गणी लोकांकडून जमली. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ते कर्ज फेडलं. स्वतंत्र देशाचं सरकार आणि एक गहाणखत, एवढ्यावर एक आख्खं प्रकरण उभं राहतं. (तुझ्या आराखड्यात पदक आहे, गहाणखत नाही.)

तेव्हा लेखासाठी पहिला कागद मिळवायचा तो कॉलेजच्या जिमखान्याच्या जमाखर्चाचा. फी किती, बूट कोणाला मिळाले, प्रवासखर्च कोणी दिला, मुलींच्या खेळांवर काही खर्च पडला होता का. संघाचे फोटो नंतर बघ, आणि बघताना फोटोत कोण नाही तेही टिपून ठेव. त्या पिढीतलं कोणी गावात असेल तर आधी त्यांना भेट. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. त्यांना विचारताना 'त्या वेळी काय वाटलं' हे विचारू नकोस, 'त्या दिवशी सामना झाला का, आणि नसेल तर का' असं विचार.

नवा आराखडा परीक्षेनंतर पाठव, आधी नको. फोटोंच्या ओळी मी तपासून देईन.

तुझा,
सर