नाडी चौसष्ट, मग जीव का घाबरा?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६८. दोन वर्षांमागं बेळगावात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. मेटोप्रोलॉल आणि बाकीच्या गोळ्या वेळच्या वेळी घेतो, रोज तासभर चालतो. मे महिन्यात भाऊबंदांशी बांधाचा वाद होऊन शेताची मोजणी लागली. चाळिशीत असली भांडणं मी अंगावर घेतलीत. छाती धडधडायची, खरं घरी येऊन ताकभात खाल्ला की विषय संपला. या वेळी धडधड अजिबात नाही. बांधावर पाय लटपटले, खालचा जबडा ओढल्यासारखा झाला, उभ्या उभ्या दम लागला. घरी आल्यावर मंडळींनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, नाडी ६४. “काही झालेलं नाही, मनाचे खेळ,” म्हणाल्या. संध्याकाळी बीपी वरचं १७८, सकाळी १३४. आता पुण्याचा मुलगा मला कुठं जाऊ देत नाही. कानडीतली नोटीस आली तर घरात लपवून ठेवतात. ताण खरंच एवढा वाईट, की घरचे उगाच घाबरालेत?

उत्तर : गुरुजी, आधी एक काम करा. जबडा ओढला आणि दम लागला, हे दोन्ही तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात जाऊन सांगा. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. ईसीजी निघेल, कदाचित आणखी एखादी तपासणी होईल. मग खाली लिहिलंय ते निवांत वाचा.

आता त्या ६४ बद्दल. तो आकडा तुमच्या शांतपणाचा नाही, गोळीचा आहे. मेटोप्रोलॉलचं कामच नाडीला लगाम घालण्याचं. घरात आग लागली तरी ती नाडीला सहजासहजी उधळू देत नाही. म्हणून बोटाला चिमटा लावून ‘मनाचे खेळ’ असा निकाल देता येत नाही. (मंडळींना हे वाचून दाखवाल तेव्हा माझं नाव पुढं करा, माझी हरकत नाही.) आणि नाडी कमी दिसते म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. ती एकदम थांबवली की दाबून ठेवलेली धडधड दामदुप्पट परत येते, आणि स्टेंट असलेल्याला ते महागात पडू शकतं.

खरं गोळी नसती तरी चाळिशीसारखी धडधड झाली नसतीच. भांडणात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, मज्जातंतूंतून नॉरॲड्रेनालिन सुटतं. तरुण हृदय हा निरोप एका हाकेत ऐकतं. वयाबरोबर त्याचे कान मंद होतात. म्हणून शरीर आणखी मोठ्यानं ओरडतं, ऐकू कमी येणाऱ्या सासऱ्यांशी सगळं घर बोलतं तसं. म्हाताऱ्या माणसाच्या रक्तात नॉरॲड्रेनालिन तरुणापेक्षा जास्त सापडतं, आणि तरीही नाडी कमी वाढते. २२० वजा वय हा ठोकळ हिशेब तुम्ही ऐकला असेल. चाळिशीत हृदयाची कमाल धाव १८० ठोके, तुमच्या वयाला १५२ च्या आसपास.

पण त्या ओरडण्यानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि त्या तर आधीच कडक झालेल्या असतात. विहिरीच्या मोटारीला नवा रबरी पाइप जोडला तर मोटार सुरू होताना तो थोडा फुगून झटका सोसतो. पाच उन्हाळे बांधावर पडलेला पाइप फुगत नाही, सगळा जोर जोडावर येतो. तुमचं १७८ तिथलं. शिवाय मानेतल्या आणि महाधमनीतल्या, दाबावर नजर ठेवणाऱ्या मज्जातंतूंचं काम या वयात सुस्तावतं. दाब चढला तर उतरवायला वेळ लावतात, माणूस एकदम उठला तर चढवायलाही. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचंही तेच. ‘झालं, आता पुरे’ हा मेंदूचा निरोप उशिरा पोचतो. ताकभातानं मिटणारी गोष्ट आता दुसऱ्या सकाळपर्यंत रेंगाळते ती अशी.

हे सगळं नुसत्या वयाचं. त्यात तुम्हाला हृदयविकार. निरोगी माणसाच्या हृदयाच्या वाहिन्या ताणात थोड्या रुंदावतात, कारण हृदयाला जास्त रक्त हवं असतं. आतून चरबीचा थर धरलेल्या वाहिन्या नेमक्या त्याच वेळी आखडतात. मागणी वाढली आणि पुरवठा घटला. स्टेंट आहे, खरं एक खड्डा बुजवला म्हणून चोर्ल्याचा सगळा रस्ता गुळगुळीत होत नाही. आणि रागानं, काळजीनं येणारी ही रक्ताची टंचाई चालताना येते त्यापेक्षा कमी नाडीवर येऊ शकते, पुष्कळदा छातीत न दुखता. साखरेच्या रुग्णांत तर हमखास फसवते. तासभर चालून काही होत नाही म्हणून बांधावरही होणार नाही, असं समजू नका. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाचे तातडीचे रुग्ण एरवीच्या अडीचपटीहून जास्त आले होते, आणि ज्यांना आधीच हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. ते तर टीव्हीसमोर बसलेले. तुमचा तर स्वतःचा बांध.

म्हणजे घरच्यांची भीती खोटी नाही. उपाय मात्र मला पटत नाही. माझ्या भावाला धंद्यात खोट बसली ती आम्ही वडिलांपासून सहा महिने लपवली. त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, शहापुरात अशी गोष्ट राहते कुठं! सहा महिने ते आमच्यापासून लपवत होते की त्यांना कळलंय. बीपीची गोळी त्याच काळात दुप्पट करावी लागली. नोटीस कपाटात ठेवल्यानं तुमचा दाब उतरणार नाही. पाचला दाराशी पोस्टमन दिसला की चढेल मात्र.

तपासणी होऊन डॉक्टरांनी होकार दिला की मोजणीला जा, पण वेगळ्या तऱ्हेनं. नोटीस कानडी नीट वाचणाऱ्या पुतण्याकडून आदल्या दिवशी समजून घ्या. बांधावर नवी बातमी ऐकायची पाळी येऊ नये. बोलायचं काम त्याला द्या. तुम्ही झाडाखाली खुर्ची टाकून बसा, कागद तुमच्या हातात. गोळ्या आणि नाश्ता झाल्याशिवाय निघू नका, सोबत पाणी ठेवा. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट गोळी लिहून दिली असेल तर खिशात असू द्या. ती घ्यायची ती बसून, नाहीतर दाब उतरून पडाल. लैंगिक ताकदीची गोळी घेत असाल तर सॉर्बिट्रेट चालत नाही, हे डॉक्टरांशी न लाजता बोला. जबडा, छाती किंवा हात पाच मिनिटांनंतरही जड राहिला तर १०८ ला फोन. मुलाच्या मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून यायचं नाही. आमच्याकडं असं बसून येणारे ‘गॅस झालाय, कसंतरी व्हालंय’ म्हणत येतात आणि ईसीजी वेगळंच सांगतो.

घरी आल्यावर नाडी बघायची नाही. पाच मिनिटं टेकून बसून बीपी एकदा, मग दोन तासांनी एकदा. खाली यायला किती वेळ लागला ते वहीत लिहा, मला त्यातच रस आहे. दर दहा मिनिटांनी पट्टा बांधलात तर त्याचाच ताण. रोजचं चालणं सोडू नका, आणि संध्याकाळी दहा मिनिटं मिनिटाला सहाच्या आसपास इतका सावकाश श्वास घ्या. ते सुस्तावलेले मज्जातंतू याने थोडे जागे होतात.

प्रश्न : निपाणीहून लिहितेय. धाकट्या दिरांच्या अपघाताचा फोन आला आणि सासूबाईंच्या (७१) छातीत कळ आली. कोल्हापूरला नेलं, अँजिओग्राफीत ब्लॉक नाही. ‘ताकोत्सुबो’ लिहिलंय. नातेवाईक म्हणतात, ब्लॉक नाही म्हणजे काही नव्हतं.

उत्तर : होतं. ताकोत्सुबो म्हणजे जपानी कोळ्यांचं ऑक्टोपस पकडायचं मडकं, तळ फुगीर, तोंड अरुंद. मोठ्या धक्क्यात ॲड्रेनालिनचा लोंढा येतो, डाव्या कप्प्याचं टोक बधिर होतं आणि हृदय त्या मडक्यासारखं दिसतं. १९९० साली जपानी डॉक्टरांनी हे पहिल्यांदा लिहिलं. दहातले नऊ रुग्ण बायका, बहुतेक पाळी गेलेल्या. हे नाटक नाही. पहिल्या काही दिवसांत फुप्फुसात पाणी होऊ शकतं, ठोके बिघडू शकतात. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, थोड्यांना पुन्हा होतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकासमोर त्यांना तो फोन पहिल्यापासून सांगायला लावू नका. ते तुम्ही ओट्यावरच सांगून टाका. दीड महिन्यानं इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, आणि कोल्हापूरचा पहिला इको सोबत न्या. नुसता ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद हातात असला तर किती सुधारलं ते कुणालाच सांगता येत नाही.