अकरा चॅनल हवेत कशाला? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा नमस्कार. नवीन चिऱ्याचं घर बांधलंय, हॉल १८ बाय १४, वर कौलं, सीलिंग केलेलं नाही, वासे उघडेच ठेवलेत कारण आईला तसंच आवडतं. यंदा आंब्याचे पैसे बरे आलेत म्हणून होम थिएटर करायचं मनात आहे. डेनॉन एक्स६८००एच, मरांट्झ सिनेमा ३०, यामाहा आरएक्स-ए८ए आणि अँथम एमआरएक्स ११४०, एवढे रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं मशीन) बघून झाले आणि आता डोकं चालेनासं झालंय. मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो यामाहाच घे, १५० वॅट आहे, दुकानवाला म्हणतो मरांट्झ घ्या, आवाज गोड. स्पीकर खाली ५ आणि वर ४, एवढेच. कुठला घेऊ? – एक वाचक, देवगड

उत्तर : चारातला एकही नको म्हटलं तर रागावू नका. ५ आणि ४ मिळून ९ झाले, आणि तुम्ही बघताय त्या चारही मशीनमध्ये ११ चॅनलचे अँप्लिफायर आहेत, एका चॅनलवर एक स्पीकर, म्हणजे दोन चॅनल नुसते बसून राहणार आणि त्यांचे पैसे तुम्ही भरणार. एक पायरी खाली या. डेनॉन एक्स४८००एच, मरांट्झ सिनेमा ४० किंवा यामाहा ए६ए, तिन्हीत ९ चॅनल आहेत, १८ बाय १४ ला भरपूर होतात. उरलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतो, कारण खरा विषय तोच आहे.

आधी वॅटचं. बाकीच्यांचे १४० आणि यामाहाचे १५० वॅट, यात फरक पडतो जेमतेम ०.३ डेसिबल, तो कोणालाच ऐकू येत नाही, चुलतभावालाही नाही. पॉवर दुप्पट केली तरी ३ डेसिबलच वाढतात आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. शिवाय बॉक्सवरचा आकडा दोनच चॅनल चालू ठेवून मोजलेला असतो, नऊच्या नऊ एकदम ओरडायला लागले की तेवढा मिळत नाही. अँथमवाले निदान सरळ सांगतात, ११४० मध्ये ५ चॅनलला १४० वॅट आणि बाकीच्या ६ ला ६०. वरच्या स्पीकरना ६० पुरतात हो, पाऊस आणि हेलिकॉप्टरच तर वाजवायचंय.

गोड आवाजाचं म्हणाल तर डेनॉन आणि मरांट्झ एकाच घरातली भावंडं, आतलं बरंचसं सारखं, मरांट्झ दिसायला देखणा आणि प्रीअँपचा, म्हणजे अँप्लिफायरच्या आधीचा, भाग थोडा वेगळा. दोघांत ऑडिसी येतं, म्हणजे माइकने खोली मोजून आवाज सुधारणारं करेक्शन, त्याच कामाचं डिरॅक हवं असेल तर वेगळे पैसे. यामाहाचं स्वतःचं वायपीएओ. अँथमचं एआरसी मला या सगळ्यात जास्त आवडतं, पण नुसत्या त्यासाठी ११ चॅनल घेऊ नका. मला विचाराल तर डेनॉन ४८००.

आता खोली. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. गिलावा केलेल्या भिंती आणि खाली चकचकीत टाइल असेल तर टाळीमागून टर्रर्र असं येईल, आणि ते कुठलंही करेक्शन काढू शकत नाही, जाड पडदे, सतरंजी आणि एखादा भरलेला सोफाच काढतो. एखादी भिंत उघड्या चिऱ्याची ठेवली असेल तर ती तशीच राहू दे, खडबडीत दगड आवाज थोडा फोडतो. आणि छताला आपटून आवाज खाली आणणारे अ‍ॅटमॉसचे (डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत) स्पीकर कोणी गळ्यात मारायला आला तर सरळ नाही म्हणा. त्यांना सपाट छत लागतं, तुमच्या उतरत्या कौलांवरून आवाज जाईल पडवीत. चार छोटे स्पीकर तुळईला नाहीतर वाशांना नीट स्क्रू मारून खाली तोंड करून लावा, उघडे वासे इथे कामी आले बघा. जुलैत कौलांवर पाऊस धरला की संवाद ऐकू येणार नाहीत, तेव्हा सगळा आवाज वाढवत बसू नका, फक्त सेंटर चॅनल, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर, ३-४ डेसिबल वर घ्या.

आणि ते उरलेले पैसे. कोकणात रिसीव्हर सिनेमा बघून खराब होत नाही, लाइटने, आकाशातल्या विजेने आणि खाऱ्या हवेने होतो. पहिलं अर्थिंग. कातळावर घर असेल तर एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थ नावालाच उरतो, वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीनपेक्षा जास्त दाखवलं तर आधी अर्थिंगचा खड्डा. मग स्टॅबिलायझर, लाइट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून सप्लाय देणारा, फ्रिजला असतो तसाच पण मशीनच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या दीडपट तरी. आणि वळीवाचं गडगडायला लागलं की नुसता प्लग काढून भागत नाही, डिशची केबल आणि नेटची वायर पण काढा, कारण विजेचा झटका तिकडूनही येतो आणि पहिला बळी एचडीएमआय बोर्डचा (टीव्हीची केबल जोडतात तो भाग) जातो, तो बदलायचा म्हणजे एवढं जड धूड मुंबई-पुण्याला पाठवा. मूळ खोका टाकू नका.

खारी हवा कशी लागते ते बघायचं असेल तर समुद्राजवळच्या कुठल्याही घरातला जुना स्पीकर ओढून मागची वायर सोडवा. तारेचं टोक आधी काळं, मग हिरवट, बोटाला पूड लागते. म्हणून उघडी तार पिळून लावू नका, शुद्ध तांब्याची वायर आणि चांगले बनाना प्लग (तारेच्या टोकाला बसवायच्या पिना), वर्षातून एकदा पावसाळा संपला की काढून पुसून परत. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम वायर स्वस्त म्हणून मिळते, ती तर नकोच. कपाटाच्या मागे नायलॉनची जाळी मारा, पाली आत उबेला जाऊन बसतात, पण जाळी मशीनच्या भोकांवरच चिकटवू नका, वर चार-सहा इंच हवा हवीच. एवढं करून पैसे उरले तर दुसरा सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर.

प्रश्न : मालवणात होमस्टे आहे, मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं एक्सबॉक्स घेऊन येतात. २०२० चा सेकंडहँड रिसीव्हर स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

उत्तर : सिनेमासाठी बिनधास्त घ्या. गेमसाठी मात्र एक विचारा. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ वाले जे पहिले रिसीव्हर आले, डेनॉन, मरांट्झ, यामाहा तिघांचेही, त्यांतल्या काहींत एक्सबॉक्स सिरीज एक्सचा ४के १२० चा (सेकंदाला १२० चित्रांचा) सिग्नल नीट जात नव्हता, स्क्रीन काळी. यामाहाने नंतर बोर्ड बदलून दिले, डेनॉन-मरांट्झने बाहेरून जोडायची डबी दिली. बोर्ड बदललाय का, डबी सोबत आहे का ते विकणाऱ्याला विचारा, नसेल तरी अडत नाही, एक्सबॉक्स सरळ टीव्हीला लावा आणि आवाज ईआर्कने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच परत आणायची सोय) रिसीव्हरला आणा. पोरांना काही फरक कळणार नाही.