बर्फातली झाडं आणि आपला श्वास

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात एडमंटनला असतो. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर त्याने उत्तरेकडच्या जंगलातली बर्फाने लगडलेली झाडं दाखवली. ही जंगलं जगाला प्राणवायू पुरवतात, असं पाचवीतल्या माझ्या नातीने वाचलं होतं. तिने विचारलं, "आजी, हे सगळं तर गोठलंय. मग आत्ता आपल्याला प्राणवायू कोण देतंय?" मला सांगता आलं नाही. आमच्या सोसायटीत एक ख्रिसमस ट्री आहे, ते यांच्यापैकीच का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : नातीची शंका अगदी रास्त आहे. हिवाळ्यात ती झाडं प्राणवायू जवळजवळ देतच नाहीत.

गिरगावातल्या शाळेत एकतीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी पावसाळा सरला की चंचुपात्रात हायड्रिला ही पाणवनस्पती ठेवायचे, त्यावर उलटं नरसाळं आणि पाण्याने भरलेली परीक्षानळी. पात्र खिडकीत उन्हाला ठेवलं की देठाच्या कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुटायची. ढग आला की माळ तुटायची. पाण्यातली पानं उन्हात बुडबुडे सोडतात आणि अंधारात थांबतात, हे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने 1779 मध्येच लिहून ठेवलंय. तो वायू कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, तो पाण्यातून सुटतो. 1941 मध्ये रुबेन आणि केमन या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जड ऑक्सिजनची, म्हणजे नेहमीपेक्षा जड अणू असलेल्या ऑक्सिजनची, खूण असलेलं पाणी वापरून ते दाखवलं.

आता तुमच्या मुलाच्या जंगलात चला. कॅनडा, अलास्का, स्कँडिनेव्हिया आणि रशिया असा उत्तर गोलार्धाला वेढणारा हा पट्टा, रशियाकडचं नाव तैगा. स्प्रूस, फर, पाइन, लार्च, शिवाय बर्च आणि ॲस्पेन. थंडीत जमिनीतलं पाणी गोठतं, मुळांना ते ओढता येत नाही. सुया, म्हणजे या झाडांची सुईसारखी पानं, मेणचट थराखाली पर्णरंध्रं मिटून बसतात. हरितद्रव्य असतं, ऊनही पडतं, पण त्या उन्हाचं अन्न करता येत नाही म्हणून सुई ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देते. लार्च सुया गाळूनच टाकतो. स्प्रूस मात्र त्याच सुया कित्येक वर्षं टिकवतो. नव्या पालवीची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे वसंतात बर्फ वितळू लागला की त्याचं काम लवकर सुरू होतं. उन्हाळ्यातले दिवस तिथे फार लांब असतात, वर्षाची कमाई त्या मोजक्या महिन्यांत होते.

पण खर्चही आहे. झाडं रात्रंदिवस श्वसन करतात, आणि पडलेला पालापाचोळा कुजवणारी बुरशी नि जिवाणूही प्राणवायूच वापरतात. जुन्या जंगलाचा जमाखर्च मांडला तर हाती फारच थोडी शिल्लक राहते. म्हणून "जगाचं फुप्फुस" हा शब्द मला मुलांच्या पुस्तकात नको वाटतो. हवेतला जवळपास 21 टक्के प्राणवायू ही अब्जावधी वर्षांची साठवण आहे. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांनी आणि पुढे झाडांनी प्राणवायू सोडला, त्यांचा काही भाग न कुजता गाळाखाली गाडला गेला, म्हणून तो हवेत उरला. एक हिवाळा त्या साठ्याला ओरखडाही काढत नाही. नातीला सांगा, आज ती जो श्वास घेतेय तो फार जुन्या पुंजीतला आहे.

या जंगलाचं मोल दुसरीकडेच आहे, आणि मला त्याचीच काळजी वाटते. थंडीमुळे तिथे पाचोळा नीट कुजत नाही. शेवाळ, पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा साचलेला थर) आणि कायम गोठलेली जमीन यांत हजारो वर्षांचा कार्बन पडून आहे, झाडांत आहे त्याहून कितीतरी जास्त. 2023 मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळालं. आग खोडांवर थांबत नाही, पीटमध्ये उतरते, आणि तो जुना कार्बन हवेत जातो. प्राणवायू त्याने संपणार नाही, पण हवा तापेल.

सोसायटीतलं झाड बहुतेक अरॉकेरिया असणार. मुंबईच्या नर्सऱ्यांत ख्रिसमस ट्री म्हणून तेच मिळतं. ते दक्षिण गोलार्धातलं, आपला दमटपणा सोसतं, बारा महिने काम करतं. स्प्रूसची सुई चौकोनी असते, चिमटीत फिरवली तर गोल फिरते. पुढच्या वेळी मुलाला एखादी गळलेली सुई चिमटीत धरून नातीला कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवायला सांगा.