पोटकंत्राट दिलं की कंत्राटच दिलं?

खानापूरच्या एका वाचकांनी विचारलंय: घरबांधणीच्या करारपत्रात 'कंत्राटदाराने कंत्राट हस्तांतरित करू नये अथवा पोटकंत्राट देऊ नये' असं कलम आहे. वकिलांनी एकच गोष्ट दोनदा का लिहिली?

एकच नाही ती. 'पोट' लागलेले आपले शब्द आठवा: पोटभाडेकरू, पोटकूळ, पोटकलम. या सगळ्यांत मूळचा जागचा हललेला नसतो, नवा त्याच्या पोटात येतो. पोटभाडेकरूनं भाडं थकवलं तरी घरमालक आपल्या भाडेकरूलाच धरतो. पोटकंत्राटाचंही तेच.

आपल्या बेळगाव भागात घोळ होतो तो बोलण्यात. कन्नडात गुत्तिगे आणि उपगुत्तिगे असे वेगळे शब्द आहेत, पण आपण 'त्यानं गुत्तं दुसऱ्याला दिलं' म्हणून मोकळे. आता मेस्त्रीनं उक्तं काम घेतलं, सेंट्रिंग दुसऱ्या टोळीला लावून दिलं आणि पहिल्याच पावसात स्लॅब गळला, तर 'ते दुसरे करूलाल्यात, माझं काय?' असं त्याला म्हणता येत नाही. तुमचा करार त्याच्याशी. टोळीची मजुरीही त्यानंच द्यायची. एरवी टोळीला तुमच्या दारात बिल घेऊन येता येत नाही.

हस्तांतरात हात बदलतो. (कायद्याच्या मराठीत याला 'अभिहस्तांकन' म्हणतात, हा शब्द पंचायतीच्या कट्ट्यावर कोणी उच्चारलेला मला तरी माहीत नाही.) पण बदलतो तो मुख्यतः येण्याचा, म्हणजे मिळायच्या हक्काचा हात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यानं गिऱ्हाइकाकडून येणं असलेली रक्कम फायनान्सवाल्याच्या नावे केली, तर ते हस्तांतर. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 130प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी लागतं. गिऱ्हाइकाला कळवायचं राहिलं आणि त्यानं फाउंड्रीवाल्यालाच पैसे चुकते केले, तर गिऱ्हाईक सुटलं. फायनान्सवाल्यानं मग फाउंड्रीच्या मागे लागावं.

जबाबदारी मात्र अशी एकतर्फी झटकता येत नाही. येणं दुसऱ्याला देता येतं, देणं समोरच्याच्या संमतीशिवाय नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1962मध्ये खर्डा कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलंय. मेस्त्रीला पूर्ण बाजूला होऊन भावाला पुढे करायचं असेल, तर मालक, मेस्त्री आणि भाऊ तिघांच्या संमतीनं जुन्याच्या जागी नवा करार होतो. 1872च्या करार कायद्याचं कलम 62 त्यासाठीच आहे.

आणि माणूस बघून दिलेलं काम? चित्रकाराला चित्र सांगितलं, तर कलम 40प्रमाणे ते त्यानंच काढायचं. तिथं पोटकंत्राटही चालत नाही.

खानापूरच्या वाचकांनी त्या कलमातला एकही शब्द काढू नये. उलट 'मालकाच्या लेखी परवानगीशिवाय' एवढं घालून घ्यावं, कारण प्लंबर आणि वायरमन मेस्त्री बाहेरूनच आणणार.