‘दुसऱ्यांची मुले आहेत, काही झाले तर?’

मुलांच्या निसर्गशिबिरासाठी किंवा गडभ्रमंतीसाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिलेले पालक आणि शिक्षक माझ्याकडे येतात, तेव्हा शीर्षकातला हा प्रश्न बहुतेकांच्या तोंडी असतो. पुढील हकिगत अशाच एका ताईंची आहे. त्यांच्या संमतीने ती लिहीत असून ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई नोकरदार, चाळिशी ओलांडलेल्या, स्वतः अधूनमधून ट्रेक करणाऱ्या. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या पावसाळी शिबिरासाठी त्यांनी प्रशिक्षण घेतले होते आणि लोहगड-विसापूर या शेजारच्या दोन किल्ल्यांची रेकीही (आधी जाऊन वाटेची पाहणी) केली होती. रेकीहून परतल्यापासून मात्र त्यांची झोप उडाली. सहकाऱ्यांना सांगितले, तर ‘काही होत नाही हो, आम्ही इतकी वर्षे जातोय’ एवढेच उत्तर मिळाले. अशा दिलाशाने भीती कमी होत नाही, फक्त तिच्याविषयी बोलणे बंद होते, असा माझा अनुभव आहे.

त्यांना धीर देण्याऐवजी मी विचारले, की डोळ्यांसमोर नेमके काय येते, कोणत्या जागी आणि त्यानंतर काय होते. विसापूरच्या पायऱ्यांच्या वाटेने पावसाळ्यात ओढ्यासारखे पाणी वाहते. तिथे एखादे मूल घसरते आणि त्याच्या आईचा फोन येतो, असे त्यांनी सांगितले. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “रेकीच्या दिवशी पाण्याला जोर होता. मुलांना इथून नेऊ नये असे मला वाटले होते, पण मोठे लीडर पुढे निघून गेले आणि मी काही बोलले नाही.” खरी भीती इथे होती. कड्याचे किंवा पाण्याचे भय त्यांना इतरांइतकेच होते; जीव टांगणीला लागला होता तो आयत्या वेळी ‘थांबा’ म्हणायला आपली जीभ रेटणार नाही, आपल्याला घाबरट म्हणतील, या शंकेने.

हे केवळ त्यांच्यापुरते नाही. प्रशिक्षणात गाठी, बँडेज, होकायंत्र यांना भरपूर वेळ दिला जातो (एका गाठीच्या योग्य पद्धतीवरून दोन प्रौढ माणसे तासभर उत्साहाने भांडताना मी पाहिली आहेत) आणि हे सर्व यायलाच हवे. परंतु अनुभवी माणसासमोर नकार देणे, हेही शिकवावे आणि घोटवून घ्यावे लागते, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर घेतले. 1919 मध्ये तिथल्याच गिलवेल पार्क येथे मुलांच्या म्होरक्यांसाठी, म्हणजे प्रौढांसाठी, वेगळे प्रशिक्षण सुरू झाले. मुलांवर प्रेम असणे आणि त्यांना डोंगरात नेता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून मान्य झालेले आहे.

पहिल्या भेटीत आम्ही कागदावर जबाबदारीची वाटणी केली. पालकांचे संमतिपत्र, मुलांच्या आजारांची माहिती, वाहन आणि विमा हे संस्थेचे काम. आठ मुलांच्या गटाची वारंवार मोजणी करणे, कोणाच्या पिशवीत इनहेलर आहे ते ठाऊक असणे, कोणी पाणी प्यायलेले नाही यावर लक्ष ठेवणे आणि गरज पडल्यास थांबवणे हे ताईंचे. तोपर्यंत हे सगळे त्यांनी एकटीने अंगावर घेतले होते.

दुसऱ्या भेटीत मी मोठ्या लीडरची भूमिका घेतली. ताईंचा पहिला प्रयत्न असा होता: “नाही म्हणजे, बघा, तुम्हाला योग्य वाटत असेल तर आपण जरा...” बऱ्याच वेळानंतर वाक्य आले: “मी माझ्या गटाला इथून पुढे नेणार नाही.” त्यात ‘मला वाटते’ नाही आणि माफीही नाही. त्यानंतर पालकांना करायच्या फोनचा सराव केला: काय झाले, मूल आता कसे आहे, कोठे आहे, काय उपचार चालू आहेत आणि पुढचा फोन किती वाजता येईल. अंदाज सांगायचा नाही आणि दोष कोणाचा, हेही फोनवर ठरवायचे नाही.

ताईंनी पुढे संस्थेकडे एक नियम मागून घेतला, आणि माझ्या मते तो प्रत्येक शिबिरात असावा. दोन्ही गडांमधल्या गायमुख खिंडीत थांबून पुढचा निर्णय घ्यायचा. कोणत्याही एका प्रौढाचा नकार पुरेसा मानायचा, मतदान घ्यायचे नाही आणि मुलांसमोर वाद घालायचा नाही.

अशी काळजी वाटणे हा आजार नव्हे. मात्र शिबिर नसतानाही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधड होत असेल किंवा माणूस इतर कामेही टाळू लागला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावरही मोफत बोलता येते.

शिबिराच्या दिवशी पाऊस तुरळक होता आणि पायऱ्यांवरून पाणी जेमतेम वाहत होते. सराव केलेले नकाराचे वाक्य कामी आले ते वेगळ्याच कारणाने. दम्याचा त्रास असलेला एक मुलगा खिंडीपर्यंत येताना धापा टाकू लागला. इनहेलरने त्याला बरे वाटले आणि त्याने वर जाण्याचा हट्ट धरला; “हळूहळू येईल की,” असे लीडरही म्हणाले. ताईंनी नकार दिला. एका मुलासोबत एकटा प्रौढ ठेवायचा नाही या नियमाप्रमाणे त्या आणि आणखी एक स्वयंसेवक त्याच्याबरोबर खाली वाडीत थांबले. मुलगा संध्याकाळपर्यंत ताईंशी बोलला नाही आणि त्याचे त्यांना फार वाईट वाटले. आमची पुढची भेट त्यावरच होती.